बंगळुरूला, कामासाठी

“बेंगळूरला काय काम काढलंत?” शेजारच्या गृहस्थांनी विचारले आणि क्षणाचाही विचार न करता मी उत्तर दिले, “ऑफिसचं काम आहे. एका दिवसाचं.” त्यांनी मान डोलावली. बस थोडी पुढे गेल्यावर, काहीतरी आठवल्यासारखे ते म्हणाले, “पण उद्या तर रविवार.” मी म्हणालो, “हो. हल्ली रविवारीही असतं.” तारीख होती १० मार्च २०१८, वाकडच्या पुलापाशी मी बसमध्ये चढलो त्याला पंधरा मिनिटेही झाली नव्हती, आणि दोन वाक्यांत मी दोनदा खोटे बोललो होतो. माझ्या मांडीवरच्या पिशवीत टॉवेल आणि शर्टाच्या खाली, अगदी तळाशी, नारिंगी स्कार्फ घडी करून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी रात्री बंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर एफसी पुणे सिटी या आमच्या फुटबॉल संघाचा, बंगळुरू एफसीविरुद्ध, इंडियन सुपर लीगच्या दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतला दुसरा, परतीचा सामना होता आणि तो पाहण्यासाठी मी जात होतो. ऑफिसचा त्या प्रवासाशी काडीचाही संबंध नव्हता.

ते गृहस्थ धारवाडचे निवृत्त शिक्षक होते. मुलगा हिंजवडीत नोकरीला, नातीच्या बारशासाठी आले होते आणि बाळंतिणीजवळ पत्नीला ठेवून एकटेच परत निघाले होते. बोलण्यात कानडी हेल, पण मराठी स्वच्छ. अशा माणसाला खरे सांगायला काय हरकत होती? ते हसले नसते. कदाचित त्यांनी कौतुकच केले असते, चार प्रश्न विचारले असते, आणि नेमकी तीच मला भीती होती. कारण सामन्याला चाललो आहे असे कोणालाही सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “मग, जिंकणार का?” त्या रात्री त्या प्रश्नाचे तोंडाने उच्चारता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पहिला सामना बुधवारी, ७ मार्चला, बालेवाडीत झाला होता. आदल्याच दिवशी रंगपंचमी झालेली असल्यामुळे स्टँडमध्ये पुढे बसलेल्या पोरांच्या कानामागे आणि नखांच्या कडांना हिरवा-जांभळा रंग अजून शिल्लक होता. टाळ्या वाजवून वाजवून तळहात तापले, घसा बसला, ढोल थांबले की महामार्गावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येई आणि पुन्हा ढोल सुरू होत. सामना शून्य-शून्य असा सुटला. घरच्या मैदानावर आपला एकही गोल न होता आणि समोरच्याचाही न होता सुटलेला सामना ही फार विचित्र गोष्ट असते. मुलीकडच्यांनी पत्रिका जुळल्याचे कळवावे, पण होकारही कळवू नये आणि नकारही, तसे काहीसे. बाहेर पडताना लोक एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज घेत होते की हे चांगले झाले म्हणायचे की वाईट. पार्किंगमध्ये दुचाकी काढताना मागून कोणीतरी म्हणाले, “तिथे जाऊन एक मारला की झालं.” ते वाक्य मी औंधला घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात म्हणत राहिलो.

तिथे जाऊन. या दोन शब्दांतच सगळे आले होते. साखळीच्या अठरा सामन्यांत ४० गुण मिळवून बंगळुरू पहिल्या क्रमांकावर होते. आम्ही ३० गुणांसह चौथे. डिसेंबरमध्ये त्यांनी बालेवाडीत येऊन आम्हाला ३-१ असे हरवले होते. त्यांच्याकडे सुनील छेत्री होता आणि त्याच्याबरोबर आघाडीला खेळणारा मिकू. गोलात गुरप्रीतसिंग संधू, जो नॉर्वेत खेळून आला होता. २०१३ साली स्थापन झालेल्या त्या क्लबने पहिल्याच हंगामात आय-लीग ही देशातली स्पर्धा जिंकली होती आणि २०१६ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली होती. आमच्याकडे मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांची जोडी होती, विशाल कैथसारखा तरुण गोलरक्षक होता, मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन होता, ज्याच्या पायात चेंडू आला की आपण नकळत आसनाच्या कडेला सरकतो. नावे मांडून बेरीज केली असती तर कोणीही बंगळुरूच्याच बाजूने कौल दिला असता, आणि मी स्वतः ती बेरीज गुरुवारी आणि शुक्रवारी कितीतरी वेळा केली होती.

पण एक आकडा त्या बेरजेत बसत नव्हता. संपूर्ण साखळीत बंगळुरूचे तेरा विजय, चार पराभव आणि केवळ एक बरोबरी होती. ती एकमेव बरोबरी फेब्रुवारीत आमच्याशी झाली होती, १-१ अशी, आणि तीही कांतीरवावरच.

ती एक बरोबरी माझ्या डोक्यातून जात नव्हती.

अवघड सामन्याआधी पाठीराख्याच्या मनात आशा कशी येते, हे मी त्या आठवड्यात फार जवळून पाहिले. ती समोरून येत नाही. हरणारच आहोत अशी मनाची तयारी करून आपण कामाला लागलेलो असतो, आणि अशा वेळी एखादा फुटकळ तपशील येऊन चिकटतो. त्यांचा एखादा बचावपटू शेवटच्या अर्ध्या तासात दमतो का, त्यांना घरच्या प्रेक्षकांचे दडपण येईल का, आपण पहिली वीस मिनिटे गोल होऊ दिला नाही तर त्यांचे लोक अस्वस्थ होतील का. पहिली वीस मिनिटे, हे तर माझे पालुपदच झाले होते. शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये समोर डबा उघडा ठेवून मी मनात तो सामना विसाव्या मिनिटापर्यंत खेळत होतो, शून्य-शून्य ठेवत होतो, आणि मग पुढे काय होते ते पाहायला नको म्हणून पोळीचा तुकडा मोडत होतो. ही आशा मला कोणाला दाखवायची नव्हती. ती दाखवली तर विरेल असे वाटत होते. लहानपणी काडेपेटीत ठेवलेला किडा जिवंत आहे का हे पाहायलाही आपण पेटी फार उघडत नसू, तसे.

आणि यात आमच्या घरच्या वळणाचाही भाग होता. शनिवारी संध्याकाळी निघताना आईने माझ्या तळहातावर दही ठेवले. परीक्षेला, मुलाखतीला, लांबच्या प्रवासाला निघताना ती नेहमीच ठेवते. मी म्हणालो, “आई, मी खेळायला नाही चाललो, नुसता बघायला चाललोय.” ती म्हणाली, “मग? मन तर जातंय ना तिथे.” बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांची सारी नोकरी खडकीत गेली; तरुणपणी लष्कराच्या संघांचे सामने त्यांनी मैदानाच्या कडेला सायकल टेकवून, उभ्याउभ्या पाहिले आहेत. ते फार बोलत नाहीत. चप्पल घालत होतो तेवढ्यात म्हणाले, “हरलात तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत उठू नका.” आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. “अहो, निघताना असं अभद्र कशाला बोलता? वास्तू तथास्तु म्हणते.” बाबा गप्प झाले. मी “येतो” म्हणालो आणि जिना उतरलो, पण ती दोन वाक्ये माझ्याबरोबर बसमध्ये चढली. हरू असे म्हणावे तर वास्तू तथास्तु म्हणते. जिंकू असे म्हणावे तर दृष्ट लागते. ज्या घरात माणूस या दोन्ही समजुतींखाली वाढतो तिथे त्याला न बोलण्याचीच सवय लागते, आणि न बोलणे अशक्य झाले की तो ऑफिसचे काम आहे असे सांगतो.

वाकड सोडल्यावर बस मुळेचा पूल ओलांडून बालेवाडीशी आली. मला ठाऊक होते की क्रीडासंकुल दिसणार, तरीही मी खिडकीला नाक लावले. प्रकाशझोतांचे मनोरे काळोखात नुसते उभे होते, बुधवारी ज्यांच्याखाली हिरवळ दिवसासारखी झळाळत होती तेच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभारले गेले आणि त्याला लागून जाणारा हा महामार्ग पुढे थेट बंगळुरूला पोहोचतो. आमच्या मैदानाशेजारचा रस्ता त्यांच्या गावात जातो, ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. बुधवारी ढोल थांबल्यावर जे ट्रक ऐकू येत होते त्यांतले कितीतरी तिकडेच निघालेले असतील.

खंबाटकी घाटात गृहस्थांनी डबा उघडला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, “प्रवासात उपाशी राहू नये, काम बिघडतं.” तेच काम. मी दशमी खाल्ली. चटणी चांगलीच तिखट होती, लसणाचा वास बराच वेळ बोटांना राहिला, आणि माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून कोणी मला जेवू घालत आहे या जाणिवेने घास घशाशी अडकला. सांगून टाकावे असे त्या क्षणी वाटले होते. पिशवीतून स्कार्फ काढून दाखवला असता तर बोलण्याची सुरुवातही सोपी झाली असती. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि मी ती संधी गेली म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

कोल्हापूरच्या बगलरस्त्याला बस लागली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कोल्हापूर माझे आजोळ. तिथे तालमींचे फुटबॉल संघ असतात. मोठा मामा पाटाकडील तालमीचा पाठीराखा, इतका की सामन्याच्या दिवशी सकाळपासून त्याच्याशी कोणी बोलत नसे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने मला पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर नेले, समोर दिलबहार तालमीचा संघ होता, आणि पायऱ्यांवर इतकी दाटी होती की मी अर्धा सामना त्याच्या खांद्यावरून आणि अर्धा दोन अनोळखी माणसांच्या कोपरांमधून पाहिला. तापलेल्या पायऱ्यांचा चटका, भिजवलेल्या शेंगांचा वास, आणि गोल झाल्यावर मामाच्या अंगातून माझ्या पायांना जाणवलेला हादरा, हे मला अजून जसेच्या तसे आठवते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा, यात मला कधीच नवल वाटले नाही. त्या गावात फुटबॉल पेठांच्या रक्तात आहे.

पण कोल्हापूरच्या पाठीराख्याला परगावच्या सामन्याची रात्र माहीत नसते, असे त्या बसमध्ये मला प्रथमच वाटले. तिथे सगळ्या तालमी एकाच मैदानावर खेळतात. प्रतिस्पर्धी दोन गल्ल्या ओलांडून राहतो, त्याच दुकानात मिसळ खातो, त्याच देवळाच्या रांगेत उभा राहतो. हरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड दाखवण्याची लाज असते आणि ती लाज काही लहान नव्हे, पण पायाखालची जमीन आपलीच असते. मामाला चौकात कोणी विचारले की आज कोण, तर तो एका शब्दात उत्तर देई. “आम्हीच.” समोरच्या तालमीचा माणूस उभा असला तरी हेच, आणि संघातले दोन खेळाडू जायबंदी असले तरी हेच. त्याला दृष्ट लागण्याची भीती नव्हती आणि हरण्याचीही लाज आधीपासून वाटत नसे. तो हरल्यावर दुःखी होई, फार दुःखी. रात्री जेवत नसे. पण ते दुःख तो सामन्याच्या आदल्या रात्रीपासून हप्त्याहप्त्याने भोगत बसत नसे. मी मात्र कोल्हापूरचे दिवे मागे पडेपर्यंत पराभवाचा अर्धा भाग भोगून संपवला होता.

आपल्या भाषेत दुसऱ्याच्या मैदानावर गेलेल्या संघाला पाहुणा संघ म्हणतात. हा शब्द मला त्या प्रवासात फार छळत होता, कारण आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात आणि मैदानावर मात्र पाहुणा दिसला की वीस हजार माणसे एका सुरात हुर्यो करतात. त्या गजराचा परिणाम होतो, हे आता नुसते पाठीराख्यांचे मत राहिलेले नाही. २०२० मध्ये महासाथीच्या काळात जर्मनीत आणि इतरत्र रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा यजमान संघांचे वर्चस्व कमी झाल्याचे आणि पाहुण्यांना दाखवली जाणारी पिवळी कार्डे घटल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजे पंचाच्या कानातही तो गजर जातो. २०१८ मध्ये हे मला कोणी सांगितले नव्हते, पण बालेवाडीत आम्ही स्वतः तेच करत होतो. पाहुण्यांचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला आमच्या बाजूला आला की आम्ही ढोलांचा ठेका वाढवत होतो. त्याला एकटे वाटावे म्हणूनच आम्ही तिथे होतो, आणि आता आमच्या अकरा जणांना तसेच एकटे वाटणार होते. मी चाललो होतो तो त्यासाठी. सामना जिंकून देणे माझ्या हातात नव्हते. पण कोपऱ्यात चेंडू ठेवायला आलेल्या आशिकला त्या निळ्या गर्दीत एक नारिंगी पट्टी दिसावी आणि पुणे हा शब्द ऐकू यावा, एवढे मी करू शकत होतो, आणि तेवढ्यासाठी रात्रभराचा प्रवास मला जास्त वाटत नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, जी पुण्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. पुण्याच्या पाठीराख्याच्या मनात सामना हरण्याच्या भीतीखाली दुसरी एक भीती कायम असते. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी आम्ही पाहिला होता. आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरलेला तो संघ २०१५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी बालेवाडीतच खेळणारा भारत एफसी एका हंगामानंतर दिसेनासा झाला. एक काळ असा होता की त्या एकाच मैदानावर व्यावसायिक फुटबॉलचे तीन संघ खेळत होते, आणि वर्षभरात एकच उरला. क्रिकेटमध्येही आमचे तेच. वॉरियर्स आले आणि गेले, सुपरजायंट दोन वर्षांसाठीच होते. त्यामुळे इथला माणूस संघावर जीव टाकताना एक पाय मागे ठेवायला शिकलेला असतो. बंगळुरूचा पाठीराखा आपल्या मुलाला आपला स्कार्फ देईन असे म्हणू शकतो. आम्ही पुढच्या हंगामाचे बोलतानाही आवाज खाली आणत असू. चार हंगामांत प्रथमच हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि अंतिम सामना १७ तारखेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी होता. गुढी उभारताना मनात काय असेल, इथपर्यंत माझा विचार एकदा गेला होता. तो मी तिथेच तोडला.

बंगळुरूला बस अकराच्या सुमारास पोहोचली. सामन्याआधीचे ते आठ-नऊ तास मला सामन्यापेक्षा अधिक स्पष्ट आठवतात. आमच्यातले बाकीचे कोणी रेल्वेने आले होते, कोणी रात्रभर गाडी चालवून. आम्ही मोजकेच होतो आणि कब्बन पार्कमध्ये झाडाखाली एकत्र बसलो. रस्त्याकडेला टॅबेबुया फुललेला होता, खाली गुलाबी सडा पडलेला. ऊन असूनही सावलीत हवा गार लागत होती, पुण्यातल्या मार्चसारखी कोरडी भाजणारी नव्हती. कोणीही निकालाबद्दल बोलत नव्हते. बोलणे चालले होते ते कोणाच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली दिसली याचे, सुरुवातीला कोण खेळेल याचे, आणि परतीची बस कुठून सुटते याचे. एकाने पिशवीतून गुळपोळ्या काढल्या. दुसरा गवतावर आडवा होऊन डोळ्यांवर स्कार्फ घेऊन पडला होता. मला वाटले झोपला, पण जवळून पाहिले तर त्याचे ओठ हलत होते. बहुधा रामरक्षा असावी. समोरून बंगळुरूच्या निळ्या जर्सीतले एक कुटुंब चालले होते, त्यातल्या लहान मुलीने आमच्याकडे पाहून हात हलवला आणि आम्ही सगळ्यांनी, ठरवल्यासारखे एकदम, हात हलवला. तो पाहुणचार मला पुरला.

संध्याकाळी स्टेडियमच्या दिशेने चालताना गजर आधी कानांना आणि मग छातीला जाणवू लागला. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये त्यांची माणसे आधीच गात होती. प्रवेशद्वाराशी पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, झेंड्याच्या काठ्याही काढून घेतल्या. आम्ही आमच्या कोपऱ्यात उभे राहिलो आणि त्या क्षणी, खेळाडू सरावासाठी बाहेर येत असताना, माझ्या मनातली बेरीज-वजाबाकी पूर्ण थांबली. ४० गुण, ३० गुण, ती एकमेव बरोबरी, सगळे मागे पडले. मैदान हिरवे होते, चेंडू मध्यावर होता, कोणाचाही गोल झालेला नव्हता. त्या पाच-सात मिनिटांत मी मामासारखा झालो होतो. कोणी विचारले असते तर मी आम्हीच असे म्हणालो असतो. पण तेव्हा विचारणारे कोणी नव्हते.

पहिली वीस मिनिटे आम्हाला मिळाली नाहीत. पंधराव्या मिनिटाला छेत्रीने गोल केला. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टीवर दुसरा. ब्याऐंशीव्या मिनिटाला योनातन लुकाने फ्री किकवर आमचा गोल केला आणि सात मिनिटे, फक्त सात मिनिटे, आम्ही त्या कोपऱ्यात जे ओरडलो तसे मी आयुष्यात कधी ओरडलेलो नाही. मग छेत्रीचा तिसरा. ३-१. बाबांनी सांगितले होते म्हणून शेवटची शिट्टी होईपर्यंत आम्ही उभे राहिलो, आणि नंतर त्यांचे खेळाडू आपल्या लोकांसमोर जाऊन एका तालात टाळ्या वाजवू लागले तेव्हाही उभेच होतो. आमचे काही खेळाडू आमच्या बाजूला आले. त्यांच्यापैकी एकाने हात जोडले.

पुढचा एक हंगाम संघ होता. २०१९ मध्ये तो संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. तेव्हापासून माझ्या गावाला परगावी जाऊन खेळायचा सामनाच उरलेला नाही. लोक विचारतात, सर्वांत जास्त कशाची आठवण येते. गोलांची येते, बालेवाडीच्या ढोलांची येते. पण खरे सांगायचे तर सर्वांत जास्त आठवण येते ती त्या पोटातल्या गोळ्याची, शुक्रवारी डब्यासमोर बसून विसाव्या मिनिटापर्यंत खेळलेल्या सामन्याची, जिंकणार का या प्रश्नाला घाबरण्याची. ती भीती जिवंत संघाचीच असते. आता मला कोणी तो प्रश्न विचारत नाही. आणि म्हणूनच त्या रात्रीचे खोटे इतक्या वर्षांनी मला अधिक बोचते. ज्या संघाचे नाव मी अभिमानाने घेऊ शकत होतो, तो हयात असताना, त्याच्यासाठी रात्रभर जागत असताना, एका भल्या माणसासमोर मी त्याला ऑफिसचे काम म्हटले.

धारवाडच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. कंडक्टरने कानडीत हाक दिली आणि गृहस्थ जागे झाले. वरच्या फळीवरून मी त्यांची पिशवी काढून दिली. तिच्यात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा होता, तो हाताला कोमट लागला असे मला वाटले, पण ते कदाचित बसमधल्या उकाड्याने असेल. चपला चाचपून घालता घालता ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

“रात्रभर झोपला नाहीत तुम्ही,” ते म्हणाले. “मोठं काम दिसतंय.”

मी म्हणालो, “हो. मोठं आहे.”

“होतंय बघा. मनासारखं होतंय.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते दाराकडे निघाले, दोन पावलांवर पुन्हा वळले. “परत जाताना दिवसाची गाडी असली तर उतरा धारवाडला. घरी या.”

मला पत्ता विचारायचे सुचले नाही. उघड्या दारातून गार हवा आणि ओल्या मातीचा वास आत आला, कुठेतरी कोणी अंगणात सडा घातला असावा. दार बंद झाले. मी पिशवीच्या तळाशी हात घातला, शर्टाखालून स्कार्फ ओढून काढला, गळ्यात घातला आणि त्यांच्या रिकाम्या जागेवरून खिडकीशी सरकलो. ते रस्त्याच्या कडेला दिव्याखाली उभे होते, पिशवीचा बंद खांद्यावर नीट करत. मी काचेवर टकटक केली. बस हलली तरी ते मान खाली घालून तो बंदच नीट करत होते.